व्यासपीठ सर्वांचे, पंगत कोणाची? इतिहासकारांच्या अधिवेशनांतील पंक्तिभेदाची कथा

१/ कोणत्याही व्यावसायिक संघटनेच्या वार्षिक अधिवेशनाची कार्यक्रमपत्रिका उघडून पाहा. निबंधवाचने, परिसंवाद, अध्यक्षीय भाषण हे सारे ठळक टायपात असते. त्यांच्या मधल्या फटींत, बारीक टायपात, चहापान, स्वागतसमारंभ आणि रात्रिभोजन असते. आजचा धागा या बारीक टायपाच्या इतिहासाविषयी आहे.

२/ उदाहरण घेऊ ते इतिहासकारांच्याच संघटनेचे, म्हणजे अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचे. भूतकाळातील अन्याय शोधून काढणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या स्वतःच्या अधिवेशनात कोणी कोणाबरोबर बसावे, कोणी कोणत्या दालनात जेवावे, यावर माणसांची आयुष्ये ठरत होती. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे : पंक्तिभेद.

३/ आपल्याला हा विषय परका नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला कसे सामोरे जावे लागले, हे आपण वाचलेले आहे. चहाचा पेला हा कधीच नुसता चहाचा पेला नसतो. आता अमेरिकेकडे वळू.

४/ सप्टेंबर १८८४. न्यूयॉर्क राज्यातील सॅराटोगा स्प्रिंग्ज हे खनिज पाण्याच्या झऱ्यांचे आणि घोड्यांच्या शर्यतींचे गाव. उन्हाळ्यात धनिक मंडळी तेथे हवापालटाला येत. तेथेच सुमारे चाळीस जणांनी जमून ही संघटना स्थापन केली. अँड्र्यू डिक्सन व्हाइट पहिले अध्यक्ष झाले आणि हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्स चिटणीस. १८८९ मध्ये अमेरिकी संसदेने संघटनेला सनद दिली.

५/ येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. सभासदत्वाचे दार स्त्रियांना पहिल्यापासून उघडे होते. त्या वर्गणी भरू शकत, निबंध पाठवू शकत, सभागृहात बसू शकत. नियमांच्या पुस्तकात भेद शोधू गेल्यास सापडणार नाही. भेद होता तो सभागृहाबाहेर, दिवे लागल्यानंतर.

६/ सामाजिक कार्यक्रमांची परंपरा मात्र संघटनेइतकीच जुनी. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी संघटनेची विशेष सभा भरली. १२ जुलैच्या दुपारी इतिहासकारांना बफेलो बिलच्या ‘वाइल्ड वेस्ट’ खेळाचे निमंत्रण होते. घोडेस्वार, बंदुकीचे बार, सारा थाटमाट. एक तरुण प्राध्यापक मात्र तिकडे फिरकला नाही, कारण त्याचा निबंध अजून पुरा व्हायचा होता.

७/ तो तरुण म्हणजे फ्रेडरिक जॅक्सन टर्नर. त्याच संध्याकाळी त्याने अमेरिकेच्या सरहद्दीविषयीचा आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. अभ्यासकांना ही गोष्ट सांगायला फार आवडते, कारण तीत कामाने करमणुकीवर मात केलेली दिसते. पण एरवीच्या अधिवेशनांत संध्याकाळच्या ‘करमणुकी’कडे पाठ फिरवणे कोणाही होतकरू अभ्यासकाला परवडणारे नव्हते. का, ते पाहू.

८/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत इतिहासाच्या प्राध्यापकाची जागा कशी भरली जाई? आज आपल्याला अपेक्षित असलेली जाहिरात, अर्ज, छाननी ही वाट बहुधा नसेच. विभागप्रमुख आपल्या ओळखीच्या ज्येष्ठ प्राध्यापकाला विचारी, “मध्ययुगीन इंग्लंड शिकवायला कोणी आहे का?” ज्येष्ठ प्राध्यापक आपल्या शिष्याचे नाव पुढे करी. बाकी सारे दोन भेटींत ठरे.

९/ अधिवेशन भरे ते नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या सुट्टीत. पुढच्या शरद ऋतूत सुरू होणाऱ्या शैक्षणिक वर्षासाठी माणसे हेरण्याची हीच वेळ. देशभरातले विभागप्रमुख तीन-चार दिवस एकाच छपराखाली सापडत. त्यामुळे निबंधवाचन चालू असतानाही हॉटेलच्या दिवाणखान्यात वेगळीच वर्दळ असे.

१०/ या वर्दळीला प्राध्यापकवर्गात थट्टेने ‘गुलामांचा बाजार’ म्हणत. गुलामगिरीवर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या नोकरभरतीला हे नाव द्यावे, यात विनोद किती आणि बेफिकिरी किती, याचा निवाडा वाचकांनी करावा. त्या बाजारात उभे राहण्याचीही परवानगी नसलेली माणसे होती, हे मात्र विसरू नये.

११/ या साऱ्याचा कळस म्हणजे ‘स्मोकर’. जेवणानंतरची, केवळ पुरुषांची धूम्रपानाची बैठक. चिरूट, पाइप, पेये, हास्यविनोद. ज्येष्ठ प्राध्यापक शिष्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला या घोळक्यातून त्या घोळक्याकडे नेत असे आणि ओळख करून देत असे. शिष्याचा प्रबंध कोणी वाचलेला असो वा नसो, त्याचा चेहरा, बोलणे, वागणे पारखले जाई.

१२/ स्मोकरमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. असे कोणत्याही ठरावात लिहिलेले असण्याची गरजच नव्हती. पुरुष धूम्रपान करतात त्या खोलीत सभ्य स्त्री जात नाही, हा त्या काळचा शिष्टाचार. व्यावसायिक बहिष्कारावर त्याने सभ्यतेचे पांघरूण घातले. शिवाय तक्रार करणारी स्त्रीच असभ्य ठरे.

१३/ आणि स्त्री-सभासदांची सोय? त्यांच्यासाठी चहापान. यजमान शहरातील प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रिया त्यांचे आदरातिथ्य करीत. वरकरणी हा सन्मानच. परंतु ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे दप्तरखान्यात बसून प्रबंध लिहिला, तिला गावातल्या धनिक गृहिणींशी हवापाण्याच्या गप्पा मारून कोणती नोकरी मिळणार होती?

१४/ हा प्रश्न स्पष्टपणे मांडणाऱ्यांत ल्यूसी मेनार्ड सॅल्मन अग्रभागी होत्या. व्हासार महाविद्यालयात त्यांनी १८८७ पासून इतिहास शिकवला. शालेय इतिहासशिक्षणाचा विचार करणाऱ्या संघटनेच्या सात जणांच्या समितीत त्या एकट्या स्त्री होत्या. १९१५ मध्ये त्या संघटनेच्या कार्यकारी मंडळावर गेल्या. तेथे पोहोचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

१५/ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच त्यांनी चालकांना कळवले होते की, सभासदांची स्त्री आणि पुरुष अशी विभागणी करणारे समारंभ आम्हांला नकोत. गंमत पाहा, घरकाम करणाऱ्या नोकरांविषयी १८९७ मध्ये अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिणाऱ्या सॅल्मन यांना चहाचे आमंत्रण आणि चहा करणारे हात यांचा संबंध इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होता.

१६/ या व्यवस्थेचा परिणाम काय होता, हे एका उदाहरणावरून लक्षात येते. लुईस फेल्प्स केलॉग या टर्नर यांच्या विद्यार्थिनी. १९०१ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. टर्नर यांचे अनेक विद्यार्थी मोठमोठ्या विद्यापीठांत प्राध्यापक झाले. केलॉग यांची कारकीर्द मात्र विस्कॉन्सिनच्या राज्य इतिहास-संस्थेत संशोधन आणि संपादन करण्यात गेली.

१७/ त्यांची योग्यता कमी होती असे म्हणावे, तर १९३० मध्ये मिसिसिपी व्हॅली हिस्टॉरिकल असोसिएशनने त्यांना अध्यक्षपदी निवडले. एवढ्या मोठ्या संघटनेच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष. विद्वत्ता मान्य होती. नोकरीकडे जाणारी वाट मात्र धुराने भरलेल्या दालनातून जात होती.

१८/ त्याच १९३० साली एक वेगळी घटना घडली. व्हासारच्या लुईस फार्गो ब्राऊन आणि वेल्स महाविद्यालयाच्या लुईस रोप्स लूमिस यांच्या पुढाकाराने काही स्त्री-इतिहासकार कनेटिकट राज्यातील लेकव्हिल येथे जमल्या. निबंध वाचण्याचा आग्रह नव्हता. फिरायला जायचे, एकत्र जेवायचे आणि व्यवसायाविषयी मनमोकळे बोलायचे.

१९/ वरवर पाहता ही सहलच. परंतु त्यांना जे नाकारले गेले होते, ते नेमके हेच होते. निबंधवाचनाची संधी थोडीफार मिळतच होती. मिळत नव्हता तो सहवास, कानावर पडणारी बातमी, “अमुक ठिकाणी जागा निघते आहे” हे वाक्य. त्यांनी स्वतःची पंगत मांडली. पुढे या भेटी बर्कशायरच्या डोंगराळ प्रदेशात होऊ लागल्या आणि मंडळाचे नावही तेच पडले : बर्कशायर कॉन्फरन्स.

२०/ पंगत वेगळी मांडली, तरी मूळ पंगतीवरचा हक्क सोडला नाही. संघटनेच्या समित्यांवर आणि पदांवर स्त्रिया याव्यात म्हणून प्रयत्न चालू राहिले. १९४३ मध्ये माउंट होल्योक महाविद्यालयाच्या नेली नीलसन अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या. स्थापनेनंतर एकोणसाठ वर्षांनी आलेल्या या पहिल्या स्त्री-अध्यक्ष. दुसऱ्या, नॅटली झेमन डेव्हिस, आल्या १९८७ मध्ये. मधल्या चव्वेचाळीस वर्षांचे गणित वाचकांनीच करावे.

२१/ पण या पंगतीलाही आपली वेस होती. तेथे जमणाऱ्या बहुतेक जणी ईशान्येकडील प्रतिष्ठित स्त्री-महाविद्यालयांतील गौरवर्णीय प्राध्यापिका होत्या. अमेरिकेतील पंक्तिभेदाची दुसरी आणि अधिक कठोर रेषा वर्णाची होती. आता तिच्याकडे पाहू.

२२/ डिसेंबर १९०९. न्यूयॉर्कच्या अधिवेशनात डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचना-काळावर निबंध वाचला. त्या काळाला भ्रष्टाचाराचा काळ म्हणण्याची तेव्हाची रूढी होती. डु बॉइस यांनी सार्वजनिक शिक्षणासारखी त्याची फलिते पुढे मांडली. पुढच्या वर्षी तो निबंध संघटनेच्या नियतकालिकात छापला गेला.

२३/ छापताना त्यांनी एकच विनंती केली : आपल्या समाजाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू करावे. संपादक जे. फ्रँकलिन जेमसन यांनी ती नाकारली. निबंधाला जागा मिळाली, समाजाच्या नावाला मोठे अक्षर मिळाले नाही. व्यासपीठ आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून थोडक्यात कसे सांगावे?

२४/ कार्टर जी. वूडसन यांनी १९१५ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संघटना स्थापन केली आणि १९१६ पासून तिचे नियतकालिक काढले. तिच्या वार्षिक सभांना प्राध्यापकांबरोबर शाळाशिक्षक आणि सामान्य नागरिकही येत. बर्कशायरच्याही आधी मांडलेली ही वेगळी पंगत, आणि तिचे दार कितीतरी रुंद.

२५/ दक्षिणेतील राज्यांत तर अडचण कायद्याची होती. तेथे वर्णभेद हॉटेलांच्या आणि उपाहारगृहांच्या दारावर उभा होता. १९४९ मध्ये सदर्न हिस्टॉरिकल असोसिएशनचे अधिवेशन व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे होते. कार्यक्रम ठरवण्याची जबाबदारी सी. व्हॅन वूडवर्ड यांच्याकडे होती. त्यांनी जॉन होप फ्रँकलिन यांना निबंधासाठी बोलावले.

२६/ फ्रँकलिन यांचा ‘फ्रॉम स्लेव्हरी टु फ्रीडम’ हा ग्रंथ दोनच वर्षांपूर्वी, १९४७ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. त्यांच्या विद्वत्तेविषयी प्रश्न नव्हता. सभासदांना पडलेले प्रश्न निराळेच : हे गृहस्थ राहणार कोठे? जेवणार कोठे? निबंध अर्ध्या तासाचा, पण अधिवेशन तीन दिवसांचे. एका स्थानिक इतिहासकाराच्या घरी त्यांची राहण्याची व्यवस्था झाली. त्या संघटनेच्या व्यासपीठावरून निबंध वाचणारे ते पहिले कृष्णवर्णीय इतिहासकार ठरले.

२७/ १९५२ मध्ये याच संघटनेचे अधिवेशन टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे भरले. आता वूडवर्ड अध्यक्ष होते. अध्यक्षीय भाषण रात्रिभोजनानंतर होई आणि शहरातले हॉटेल कृष्णवर्णीय सभासदांना पंगतीला बसू देण्यास तयार नव्हते. अध्यक्षांपुढे दोन पर्याय होते. काही सभासदांना जेवणाबाहेर ठेवायचे, किंवा जेवणच हलवायचे.

२८/ त्यांनी जेवण हलवले. शहराच्या कडेला असलेल्या दुसऱ्या हॉटेलात सर्वांना एकत्र बसता येईल अशी व्यवस्था झाली. त्या रात्री वूडवर्ड यांनी दिलेल्या भाषणाचा विषय होता ‘दक्षिणेच्या इतिहासातील विरोधाभास’. हे भाषण अमेरिकी इतिहासलेखनात आजही वाचले जाते. ते ज्या जेवणाच्या टेबलांवरून ऐकले गेले, ती टेबले तेथे कशी पोहोचली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

२९/ नोव्हेंबर १९५५, मेम्फिस. शाळांतील वर्णविभागणी अवैध ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर याच संघटनेने चर्चा ठेवली. वक्ते तीन : कादंबरीकार विल्यम फॉकनर, नॅशव्हिलचे वकील सेसिल सिम्स आणि मोरहाउस महाविद्यालयाचे कृष्णवर्णीय अध्यक्ष बेंजामिन मेज. पुढच्याच महिन्यात माँटगोमरीचा बस-बहिष्कार सुरू झाला. बाहेर देश जे करू पाहत होता, त्याची लहानशी तालीम जेवणाच्या दालनात झाली होती.

३०/ फ्रँकलिन पुढे या दक्षिणी संघटनेचे अध्यक्ष झाले आणि १९७९ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचेही. राहणार कोठे आणि जेवणार कोठे, अशी चिंता ज्यांच्याविषयी तीस वर्षांपूर्वी केली गेली, तेच आता यजमान होते.

३१/ दरम्यान स्त्री-इतिहासकारांची नवी पिढी उभी राहिली होती. १९६९ च्या अखेरीस वॉशिंग्टनच्या अधिवेशनात त्यांनी समन्वय समिती स्थापन केली. विली ली रोझ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० मध्ये अहवाल दिला. नामांकित विद्यापीठांच्या इतिहास विभागांत स्त्रिया अपवादानेच आढळतात, हे त्यात पुराव्यानिशी मांडले होते.

३२/ या लढ्याचे मर्म माझ्या मते येथे आहे. इतिहासकार कागदावर विश्वास ठेवतो. कागद नाही, तर घटना सिद्ध नाही. आणि याच इतिहासकारांच्या व्यवसायात नोकऱ्या तोंडी ठरत होत्या. नाकारलेल्या स्त्रीच्या हाती ‘तुम्हांला नाकारले’ असे सांगणारा कागदसुद्धा नसे, कारण तिचा विचारच झालेला नसे. जे घडलेच नाही, त्याचे दप्तर कोठून असणार?

३३/ म्हणून नव्या पिढीची मागणी अगदी रुक्ष वाटणारी होती : जागा निघाल्या की जाहीर करा. लेखी करा. सर्वांना कळवा. सत्तरच्या दशकात संघटना रिकाम्या जागांची यादी नियमितपणे छापू लागली. चिरुटाच्या धुरात होणारे काम छापील ओळींत आले. त्या यादीला कोणी क्रांती म्हटले नसेल, पण अनेकींच्या आयुष्यात ती तशीच ठरली.

३४/ बर्कशायरच्या मंडळानेही दार मोठे केले. १९७३ मध्ये न्यू जर्सीतील डग्लस महाविद्यालयात स्त्रियांच्या इतिहासावर त्यांनी परिषद घेतली. शंभरएक लोक येतील असा अंदाज होता, आले सुमारे तीनशे. पुढच्याच वर्षी रॅडक्लिफ महाविद्यालयात दुसरी परिषद भरली. फिरायला जाण्यासाठी जमलेल्या मैत्रिणींच्या मंडळातून स्त्री-इतिहासाचे एक मोठे विद्वत्पीठ उभे राहिले.

३५/ जाहिराती आल्या म्हणून सारे सरळ झाले, असे नाही. मुलाखती अधिवेशनाच्या हॉटेलात होऊ लागल्या, आणि त्याही कधी झोपण्याच्या खोलीत. उमेदवार स्त्री पलंगाच्या कडेला बसलेली, समोर तीन प्राध्यापक. अशा खोल्यांत मुलाखती घेऊ नयेत, अशी सूचना संघटनेला द्यावी लागली. ओळखीपाळखीची व्यवस्था एका दारातून बाहेर काढली, की दुसऱ्या दाराने आत यायला पाहते.

३६/ अलीकडच्या काळात पहिल्या फेरीच्या मुलाखती पडद्यावरून होऊ लागल्या आणि अधिवेशनातील मुलाखतींची जुनी प्रथा मागे पडली. गरीब विद्यार्थ्याचा विमानाचा आणि हॉटेलचा खर्च वाचला, हा लाभ मोठा. परंतु अनोळखी ज्येष्ठाने जिन्यात थांबवून “तुमचा निबंध ऐकला, पुढे काय करता आहात?” असे विचारणे पडद्यावर घडत नाही, हेही खरे.

३७/ म्हणून सामाजिक कार्यक्रमांना नावे ठेवून भागत नाही. लेकव्हिलच्या स्त्रियांना स्मोकरचा धूर नको होता, पण गप्पा हव्याच होत्या. वूडवर्ड यांनी भोजन रद्द केले नाही, त्याची जागा बदलली. एकत्र बसण्यातून व्यवसाय उभा राहतो, हे दोघांनाही ठाऊक होते. त्यांचा आक्षेप होता तो पाने कोणासाठी मांडली जातात, यावर.

३८/ जुन्या अधिवेशनांच्या पत्रिका आजही ग्रंथालयांत आहेत. त्यांत कोणी काय वाचले, हे सापडते. भोजनाची वेळ सापडते, दालनाचे नाव सापडते. त्या दालनाबाहेर कोण उभे होते, हे तेथे छापलेले नाही. पुढच्या वेळी तुमच्या हाती एखाद्या संमेलनाची, परिषदेची पत्रिका आली, तर बारीक टायप आधी वाचा. आणि चहाच्या वेळी कोणी एकटे उभे दिसले, तर दोन पावले तिकडे चाला.

(धागा समाप्त)